मे महिन्यातला माग

पैठणी सगळ्यांना माहीत असते. पण ती ज्या घरात विणली जाते, ते घर ऐन मे महिन्यात कसं असतं? येवल्याजवळच्या एका गावात, एका मागाशेजारी काढलेले आठ दिवस. अर्थात, एसीविना!

"मेमध्ये? येवल्याला?" माझ्या रूममेटने लॅपटॉपमधून डोकं वर काढलं. "अगं, लोक मेमध्ये मनालीला जातात!"

तिचं काही चुकत नव्हतं. पण मनालीला जायला बजेट लागतं, आणि फ्रीलान्सरचं बजेट 'पेमेंट प्रोसेसमध्ये आहे' या एका वाक्यावर चालतं. शिवाय मला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं आणि तो प्रश्न माझ्या सॅकमध्ये घडी घालून ठेवलेला होता. जांभळा रंग, हिरवे काठ, पदरावर चार मोर. एका रात्री फोनवर स्क्रोल करता करता आवडली, सेलमध्ये होती, खाली 'प्युअर हँडलूम पैठणी' असं लिहिलेलं. घेऊन टाकली. जूनमध्ये मावसबहिणीचं लग्न होतं, त्यात मिरवायचा प्लॅन पक्का होता. आईने मात्र साडी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि "किती दिलेस?" एवढंच विचारलं. हा प्रश्न नेमका कुठल्या सुरात विचारायचा, याचं ट्रेनिंग सगळ्या आयांना कुठे मिळतं कोण जाणे!

मास कॉमच्या बॅचमधली माझी एक मैत्रीण येवल्याकडची. तिच्या मामांच्या घरी दोन माग आहेत. "जा की आठ दिवस. मामी नाही म्हणणार नाही," ती म्हणाली. "फक्त दुपारी बाराच्या आत पोच. नंतर गावात कुत्रंसुद्धा नसतं रस्ता सांगायला."

पुण्याहून पहाटेची एसटी. नगर (आता अहिल्यानगर), शिर्डी, कोपरगाव करत येवला. मुंबईकरांनी मनमाडला उतरावं, तिथून येवला जवळ. गावात शिरताना दोन्ही बाजूंना पैठणीच्या शोरूम्सच्या पाट्या सुरू होतात त्या संपतच नाहीत. 'स्वतःचे उत्पादन', 'थेट विणकराकडून', 'पार्किंगची सोय'. लग्नसराई असल्यामुळे प्रत्येक दुकानासमोर एक तरी गाडी उभी आणि गाडीत एक तरी कंटाळलेला नवरदेव. येवला फक्त साड्यांचं गाव नाही, हे एक जाता जाता. तात्या टोपे इथले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा केली तीही इथेच. संक्रांतीला इथली पतंगबाजी बघायला लांबून लोक येतात. पण मी आले होते ते घरात बसायला. रिक्षाने वीस मिनिटांवर मामांचं गाव. पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. काठावर पास!

घर म्हणजे पुढे ओटा, मग बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि उजवीकडे मागाची खोली. सगळ्या घराला चकचकीत फरशी, फक्त मागाच्या खोलीत शेणाने सारवलेली जमीन. मला वाटलं, पैसे कमी पडले असतील. मामी हसल्या. "फरशी टाकली असती गं, पण मग रेशीम तुटतं." उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की रेशमाचा धागा ठिसूळ होतो आणि सारखा तुटायला लागतो. मातीची जमीन ओल धरून ठेवते. मामी रोज दुपारी मागाच्या खड्ड्याभोवती पाण्याचा सडा मारतात. आपल्या ऑफिसातला सर्व्हर रूम कसा वेगळा गार ठेवतात, तसंच! या घरातला सगळ्यात चांगला कोपरा, सगळ्यात चांगला उजेड आणि सगळ्यात गार जमीन, तिन्ही मागाला दिलेलं आहे. माणसं उरलेल्या जागेत राहतात.

खड्डामाग मी फोटोत पाहिला होता. फोटोत खड्डा दिसत नाही. विणणारी बाई जमिनीच्या पातळीवर बसते, पाय खड्ड्यात सोडते आणि तिथल्या पावड्या दाबते. एक पावडी दाबली की ताण्याचे अर्धे धागे वर जातात, अर्धे खाली. मधल्या फटीतून धोटा या हातातून त्या हातात जातो आणि मग फणीचा ठोका. खट्. दुपारी दोन ते चार माग बंद असतो तेव्हा त्या खड्ड्यात घरातलं मांजर झोपतं. दुसऱ्या दिवसापासून मीही तिथेच पाय सोडून बसायला लागले. मांजराला ते आवडलं नाही.

आता त्या साडीची गोष्ट.

पहिल्या संध्याकाळी चहा झाल्यावर मी धीर करून सॅक उघडली. "मामी, ही जरा बघता?" मामींनी हात पदराला पुसले, साडी घेतली, पदर उलगडला आणि आईने केलं होतं तेच केलं. उलटा करून पाहिला. मग बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. "रंग चांगला आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "तुला उठून दिसंल."

मी पत्रकार आहे. प्रश्नाचं उत्तर टाळणारी माणसं मला ओळखता येतात.

कोपऱ्यात आजी बसल्या होत्या. मामींच्या सासूबाई, वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याने अजिबात दिसत नाही, दुसऱ्याने थोडंसं. त्यांनी हात पुढे केला. मी पदर हातात दिला. त्यांनी बोटं मागच्या बाजूने फिरवली, एकदाच. "मशीनची आहे का गं?" त्या म्हणाल्या. "दोरे लागतात हाताला."

विषय संपला. घरातल्या सगळ्यांनी एकदम उन्हाळा किती वाढलाय यावर बोलायला सुरुवात केली. इतकी सभ्य माणसं मी कॉर्पोरेटमध्ये पाहिलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मामींनी फंडा नीट समजावून सांगितला. पैठणीच्या पदराची जमीन जरीची असते आणि त्यावर रंगीत रेशमाची नक्षी. ही नक्षी वरून भरलेली नसते, ती विणतानाच होते. मोराच्या मानेचा निळा धागा वेगळ्या छोट्या कांडीवर, पिसाऱ्याचा हिरवा वेगळ्या, चोचीचा लाल आणखी वेगळ्या. एका ओळीत अशा पंधरा-वीस कांड्या पदरावर लोंबत असतात. ताण्याचे धागे बोटाने मोजायचे, निळा तेवढ्यातून न्यायचा, जिथे हिरवा सुरू होतो तिथे दोघांना एकमेकांत अडकवायचं आणि निळ्याला तिथूनच परत फिरवायचं. कुठलाच रंग त्याच्या हद्दीबाहेर जात नाही. म्हणून पाठीमागे मोकळे दोरे नसतात, उलटी बाजू सुलट्या बाजूसारखीच दिसते. माझ्या साडीत मशीनने निळा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवला होता आणि पाठीमागे जिथे नको तिथे कापला होता. आजींच्या बोटांना लागले ते हेच कापलेले दोरे.

"म्हणजे जकार्ड म्हणजे नकली," मी वहीत लिहिलं आणि शहाण्यासारखं मोठ्याने वाचूनही दाखवलं.

मामींनी मान वर करून बोट दाखवलं. त्यांच्या स्वतःच्या मागाच्या वर, पत्र्याच्या खाली, भोकं पाडलेले पुठ्ठे माळेसारखे टांगलेले होते. जकार्डच! काठाची वेल त्या पुठ्ठ्यांवर चालते. पावडी दाबली की पुढचा पुठ्ठा येतो आणि काठाचे नेमके धागे उचलले जातात. पाय माणसाचाच, हात माणसाचेच. फक्त काठ कुठे वळायचा हे लक्षात ठेवायचं काम पुठ्ठ्यांचं. पदर मात्र सगळा बोटांवर. "जकार्ड वाईट नाही," मामी म्हणाल्या. "खोटं सांगून विकायचं ते वाईट." वहीतलं वाक्य मी खोडलं.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर पाहिलं. ठरावीक कापड फक्त हातमागावरच विणायचं, असा कायदा १९८५ सालचा आहे. त्याच्या यादीत आज ११ प्रकार आहेत आणि साडी त्यात आहे. खऱ्या हातमागाच्या कापडावर लावायला 'हँडलूम मार्क' २००६ पासून आहे. पैठणीला जीआय टॅग आहे. एवढं सगळं असूनही रात्री अकरा वाजता सेलच्या नादात मी यातलं काहीही तपासलं नव्हतं. तुम्ही तपासता?

मामींचा दिवस साडेचारला सुरू होतो. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही पहाटे. पाणी भरून, चूल-गॅस आवरून साडेपाचला त्या मागावर बसतात. पहाटेचा गारवा ही उन्हाळ्यातली कमाईची वेळ. घाम नसतो, धागा शांत असतो. साडेदहापर्यंत सलग पाच तास. मग ऊन चढतं, पत्रा तापतो आणि घामाचा प्रॉब्लेम सुरू होतो. घामाचा एक थेंब पदरावर पडला की डाग. म्हणून कपाळाला रुमाल बांधलेला, हातांना पावडर लावलेली आणि पंखा बंद! हो, बंद. पदराचं काम चालू असताना वाऱ्याने सुटे धागे उडतात, कांड्या एकमेकींत गुंततात. चाळिशी ओलांडलेल्या उन्हात डोक्यावर पंखा असून तो बंद ठेवायचा, याला मी तरी योग म्हणेन.

या घरात हातांचंही एक राजकारण आहे, आणि ते कळायला मला तीन दिवस लागले. मामींचे हात मऊ राहिले पाहिजेत. बोटाला साधी चीर पडली तरी रेशीम त्यात अडकतं आणि धागा ओढला जातो. पण बाहेर चाळीत उन्हाळ कांदा भरून ठेवलेला आहे, तो दर चार दिवसांनी निवडावा लागतो, सडका बाजूला काढावा लागतो. कांद्याच्या पातीने आणि मातीने हात चरबरीत होतात. म्हणून कांदा मामी निवडत नाहीत. भांडी घासत नाहीत. हळदीचं काही करत नाहीत, कारण हळदीचा हात रेशमाला लागला की संपलं. ही सगळी कामं आजी करतात. एका डोळ्याच्या, ऐंशी वर्षांच्या. "माझे हात मागावर गेले, आता तिचे चाललेत," आजी म्हणाल्या. "दोघींचे एकदम गेले तर घर कसं चालंल?" त्यांनी तळहात पुढे केला. मी हात लावून पाहिला, खरकागदासारखा लागला. याच हाताने त्यांनी माझ्या साडीचे दोरे ओळखले होते.

आणि मामा? मामा दुसऱ्या मागावर बसतात, शेत बघतात, शेठकडे जाऊन माल आणतात. विणकराचं ओळखपत्र त्यांच्या नावावर आहे. देशातल्या चौथ्या हातमाग गणनेत (२०१९-२०) विणकर आणि पूरक काम करणारे मिळून सुमारे ३५ लाख लोक नोंदले गेले आणि त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक बायका होत्या. या घरात तास मोजले तर मामी मामांच्या पुढे आहेत. ओळखपत्राचं विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्यादिवशी मी आखितीला माहेरी गेले होते." बस, एवढंच!

पैशाचा हिशोब असा. रेशीम येतं कर्नाटकातून, जर येते सुरतेहून, पण विणकराला ते थेट येत नाही. शेठ तोलून देतात, साडी झाली की तोलून घेतात आणि साडीमागे मजुरी देतात. साधा पदर असेल तर साडी आठ-दहा दिवसांत उतरते. जरीने गच्च भरलेला पदर असेल तर महिना-दोन महिने. अंगभर नक्षी असेल तर वर्षसुद्धा जातं. मध्ये आजारपण आलं, लग्नकार्य आलं, की दिवस वाढतात, मजुरी वाढत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात लॉकडाऊनमध्ये लग्नंच थांबली. ऐन सिझनमध्ये शेठने माल देणं बंद केलं आणि विणलेल्या साड्या कपाटात पडून राहिल्या. मामांनी त्या वर्षी एक माग उकलून माळ्यावर टाकला होता, दीड वर्षाने परत जोडला. "कांद्याचा पैसा कधी येईल सांगता येत नाही," मामा म्हणाले. "भाव पडला तर उलटे आपलेच जातात. मागाचा पैसा थोडा, पण येतो."

"तुला कसे देतात?" मामींनी मला विचारलं.

"शब्दांवर," मी सांगितलं. "हजार शब्दांचे अमुक."

"आणि खोडलेले?"

"त्यांचे नाही मिळत."

मामी इतक्या जोरात हसल्या की बाहेर ओट्यावर कांड्या भरणारी त्यांची मुलगी आत बघायला आली. ही मुलगी, वय वर्षं बारा, सुट्टीत रोज दोन तास कांड्या भरते. एका हाताने चरखा, दुसऱ्या हातात धागा आणि समोर भिंतीला टेकवलेल्या फोनवर रील्स. मोठी होऊन विणणार का, असं मी विचारलं. "नाही," ती फोनवरची नजर न हलवता म्हणाली. "मी विकणार." म्हणजे फोनवर, व्हिडिओ करून, शेठशिवाय. बाजारपेठेचा अभ्यास तिचा पक्का आहे. माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला काय सांगितलं की पटतं, हे तिने मला दोन दिवसांत विचारून घेतलं.

दुपारी एक ते चार गाव बंद. शब्दशः बंद. त्या वेळात घराघरांत उन्हाळकाम चालतं, जे आपल्याकडे आता फक्त आजीच्या आठवणींत उरलंय. तिखट कांडून आणणं, पापड, सांडगे आणि कुरडया. कुरडईचा तर अख्खा प्रोजेक्ट असतो. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, गाळून चीक काढायचा, चौथ्या दिवशी पहाटे तो मोठ्या पातेल्यात शिजवायचा, हाताला कढत लागत असतानाच सोऱ्यातून गच्चीवर पाडायच्या. गच्चीवर जुन्या सुती साड्या अंथरलेल्या. शेजारणी मदतीला येतात, आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे. मीही एक कुरडई पाडली. तिला पाहून सगळ्या बायका बराच वेळ खूश होत्या. पातेल्याच्या तळाशी राहिलेला चीक वर तेल-मीठ घालून खाल्ला, आणि त्याबद्दल मी एवढंच सांगते की पुण्यातल्या कुठल्याही कॅफेने तो मेनूवर आणायचा प्रयत्न करू नये. जमणार नाही.

मामी कुरडईच्या दिवशीही मागावर होत्या. गच्चीवरून हाका येत होत्या, त्या खालूनच ओरडून चीक किती शिजवायचा ते सांगत होत्या आणि बोटं धागे मोजत होती. मागावर होती राणी रंगाची साडी, पदरावर बांगडी मोर, म्हणजे बांगडीच्या गोलात बसवलेले मोर. महिन्याअखेरीच्या लग्नाची ऑर्डर. अंग विणून झालं होतं, पदर चालू होता. एका दिवसात पदर चार बोटं पुढे सरकतो. चार बोटं! मी सकाळी बघून जायची, संध्याकाळी येऊन बघायची, तर मोराला फक्त एक पाय आलेला असायचा.

सहाव्या दिवशी संध्याकाळी आभाळ भरून आलं. वळवाचा पाऊस. आधी धूळ, मग वारा, मग गच्चीवरून काहीतरी धडधडत खाली आलं आणि वीज गेली. मला वाटलं, आता सगळे कांद्याकडे धावतील. वर्षाचा पैसा चाळीत आहे. तसं झालं नाही. मामा, मामी, मुलगी, तिघंही मागाच्या खोलीकडे पळाले. आजींनी अंधारात उठून गोधड्या काढून दिल्या. प्लॅस्टिक, त्यावर गोधडी, त्यावर पुन्हा प्लॅस्टिक. मग मामा कांद्यावर ताडपत्री टाकायला धावले. मला कोणी काहीच सांगितलं नाही, म्हणून मी गच्चीवर गेले आणि कुरडयांच्या साड्या गोळा करून खाली आणल्या. अर्ध्या भिजल्या होत्या. त्यात माझीही होती.

पाऊस वीस मिनिटं पडला. पण पत्र्याच्या सांध्यातून एक धार आत आली होती, नेमकी गोधडी पोचली नव्हती तिथे. मामींनी मोबाइलचा टॉर्च मारला. पदराच्या विणून झालेल्या भागावर, जरीवर, तांबूस पाण्याचा डाग. गंजाचा. रुपयाएवढा.

कोणी काही बोललं नाही. मामींनी कोरड्या सुती फडक्याने तो टिपला, पुन्हा टिपला. पाणी गेलं, रंग राहिला.

रात्री जेवण झाल्यावर मेणबत्तीच्या उजेडात चर्चा झाली. मामांचं म्हणणं, राहू दे. मोराच्या पायाशी आहे, घडीत झाकला जाईल, शेठचा मुनीम बल्बखाली बघतो, त्याला कळणार नाही. हा अडाणीपणा नव्हता, साधा हिशोब होता. उसवायचं म्हटलं तर विणण्याइतकाच वेळ जातो. एकमेकांत अडकवलेला प्रत्येक धागा सुईने सोडवायचा. जी जर वाया जाईल तिचं वजन शेठ मजुरीतून कापतील. आणि लग्नाची तारीख तर कोणासाठी थांबत नाही. सात बोटं उसवायची म्हणजे दोन दिवस गेले, ती परत विणायची म्हणजे आणखी दोन.

"मुनिमाला नाही कळणार," मामी म्हणाल्या. "नवरीच्या मावशीला कळंल. ती उलटी करून बघंल."

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग उठून त्यांनी सुई शोधून आणली.

वीज दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आली नाही. हातमागाला वीज लागत नाही, हे खरं, पण डोळ्यांना लागते. उजेड असेल तोवर मामी आणि मामा समोरासमोर बसून उसवत होते. कोणीही कोणाला घाई करत नव्हतं. मी मध्येच विचारलं, हे सगळं लिहू का? लिही म्हणाल्या, पण नाव नको, शेठ वाचतील. "शेठ आमचा अंक वाचतात?" मी चकित. "त्यांची सून पुण्यात असते," मामी म्हणाल्या. म्हणून या लेखात कोणाचंच नाव नाही आणि गावाचंही नाही. सूनबाई, तुम्ही वाचत असाल तर एवढंच सांगते, त्या पदरात आता काहीही झाकलेलं नाही.

त्या रात्री अंधारात करण्यासारखं काही नव्हतं. ओट्यावर सगळे बसलो होतो, जमिनीतून ओल्या मातीचा वास येत होता आणि पहिल्यांदाच हवा गार होती. मामी म्हणाल्या, "तुझी साडी आण."

मला वाटलं, आता अजून काय बघायचं राहिलंय? त्यांनी पदराचं टोक मांडीवर घेतलं. पाठीमागचे लांब दोरे मुलीने कात्रीने छाटले, फोनचा टॉर्च तोंडात धरून. पदराच्या काठाला सुटे धागे तसेच सोडलेले होते, मशीनचं काम तिथे संपलं होतं. मामींनी ते धागे चिमटीत धरले, वाटून घेतले, पीळ दिला, गाठ मारली. मग पुढची चिमूट. सगळे धागे अंदाजाने, हाताच्या सवयीने. मध्ये मध्ये त्यांनी स्वतःच्या डब्यातलं उरलेलं राणी रंगाचं रेशीम जोडलं. त्याच साडीचं. शेजारी आजी होत्या, त्यांनी दर गोंडा दोन बोटांत घेऊन ओढून पाहिला आणि त्यातले दोन परत करायला लावले.

मी म्हणाले, मामी, राहू द्या हो, ती तर नकली आहे.

"साडी आहे ना," मामी म्हणाल्या. "लग्नात नेसणार आहेस ना? मग."

मी निघाले त्या सकाळी मामी साडेपाचलाच मागावर होत्या. उसवलेला भाग परत भरत आला होता, मोराचा पाय पुन्हा दिसायला लागला होता. उठता येत नव्हतं म्हणून त्यांनी तिथूनच मान हलवली. आजींनी भिजून वाळलेल्या कुरडयांची पिशवी हातात दिली, "तळल्यावर कळत नाही" म्हणाल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलीचा मेसेज आला. साडी वेळेत गेली. जरीचे पैसे कापले. किती, ते तिने लिहिलं नव्हतं. खाली तिने तिचा पहिला व्हिडिओ पाठवला होता, उलटी-सुलटी बाजू कशी ओळखायची याचा. त्यात आजींचे हात आहेत.

मावसबहिणीचं लग्न दणक्यात झालं. मी ती जांभळी साडी नेसले. पंक्तीत वाढताना एका काकूंनी माझा पदर धरला आणि अपेक्षेप्रमाणे उलटा केला.

"येवल्याची का गं?"

"गोंडे येवल्याचे," मी म्हणाले.